मंगळावर वस्ती: रॉकेटचं सोडा, सांडपाण्याचं बोला

पाणक्या:
मंगळावर माणसांची वस्ती हा विषय निघाला की गप्पा रॉकेटवर सुरू होतात आणि रॉकेटवरच संपतात. किती इंजिनं, किती टन, परत येऊन उभं राहिलं का. मी औद्योगिक वसाहतींतल्या सांडपाणी प्रकल्पांवर काम करतो, त्यामुळे मला पहिला प्रश्न भलताच पडतो: तिथल्या मोरीचं पाणी जाणार कुठे?

हसू नका, गणित बघा. अंतराळ स्थानकावर माणशी दिवसाला साधारण ३.८ लिटर पाणी लागतं. पिणं, जेवण आणि जेमतेम अंग पुसणं, एवढ्यात ते संपतं. २०२३ मध्ये नासाने सांगितलं की मूत्र, घाम, श्वासातली वाफ असं सगळं गोळा करून ९८ टक्के पाणी परत मिळवता आलं. आमच्या धंद्यातल्या माणसाने हा आकडा ऐकून हातच जोडावेत. पण आता शंभर माणसांची वस्ती धरा. रोजचे ३८० लिटर, त्यातले दोन टक्के म्हणजे ७.६ लिटर रोज कायमचे गेले. इथून मंगळाकडे निघायची सोयीची वेळ २६ महिन्यांनी एकदा येते. तेवढ्या काळात सहा हजार लिटर, म्हणजे सहा टन पाणी घटलं. आणि पर्सिव्हिअरन्स ही तिथे धडपणे उतरवलेली सगळ्यात अवजड गाडी जेमतेम एक टनाची.

त्या ९८ टक्क्यांपर्यंत पोचायलाही काय काय झालं! स्थानकावरचं मूत्र शुद्ध करणारं यंत्र २००९ मध्ये तुंबलं. आत कॅल्शियम सल्फेटचा साका. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात, त्यातलं कॅल्शियम मूत्रात उतरतं आणि मूत्र टिकवायला घातलेल्या सल्फ्युरिक ॲसिडशी गाठ पडली की खडे धरतात. ८५ टक्के पाणी काढण्यासाठी बांधलेलं यंत्र मग पुष्कळ काळ सत्तर-पंचाहत्तरवर चालवावं लागलं. पुढे सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फरिक आलं तेव्हा सुटका झाली. आमच्याकडे इव्हॅपोरेटरला, म्हणजे पाणी आटवायच्या यंत्राला, असाच साका धरून स्केलिंग झालं की प्लँट बंद करून ॲसिड वॉश मारतो, पार्ट लागला तर भोसरीहून दुपारपर्यंत येतो. मंगळावर भोसरी नाही.

आणि सगळं बंदिस्त करून राहायचा सगळ्यात मोठा प्रयोग इथेच, पृथ्वीवर झाला आहे. १९९१ साली ॲरिझोनात 'बायोस्फिअर २' नावाच्या काचेच्या प्रचंड घरात आठ माणसं दोन वर्षांसाठी शिरली. आत शेत, जंगल, छोटासा समुद्रसुद्धा. सव्वा वर्षात आतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला. मातीत कंपोस्ट भरपूर, त्यातले जिवाणू प्राणवायू खात होते, इथपर्यंत समजलं. पण मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता आणि तो काही हिशेबात लागेना. शेवटी कळलं की नवं काँक्रीट तो शोषून घेत होतं. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण इतक्या हुशार लोकांनी हजारो प्रजातींची यादी केली आणि हिशेब चुकला तो भिंतींचा.

माझं म्हणणं एवढंच: माणसं मंगळावर पोचतील, मला शंका नाही. तिथे तळ होईल. वस्ती होईल का, म्हणजे पिढ्यान् पिढ्या राहणारी, यावर बोलूया. पत्रिकेतल्या मंगळाचा विनोद झाला असं समजून पुढे जावं.

ऑस्टिनकर:
सहा टन पाणी पृथ्वीवरून कोण नेतंय? मंगळावर बर्फ आहे! फिनिक्स यानाने २००८ मध्ये उत्तरेकडे जरा उकरलं तर खाली बर्फ लागला. २४ डिसेंबर २०२१ ला एक उल्का पडली, तिथे उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने धक्का नोंदवला, नंतर वरून फोटो घेतले तर खड्ड्याभोवती बर्फाची ढेकळं विखुरलेली. तीही ३५ अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुवापासून चांगलीच लांब.

हवेचंही तसंच. तिथली हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी यंत्राने त्यातूनच प्राणवायू काढून दाखवला. बर्फातून हायड्रोजन काढा, तो कार्बन डायऑक्साइडबरोबर तापवा, मिथेन आणि पाणी मिळतं. ही साबातिए प्रक्रिया शंभर वर्षांहून जुनी आहे. परतीचं इंधन तिथेच तयार. सगळं घेऊन जायचं असं धरून गणित मांडलं तर अर्थात नकारच येणार.

पाणक्या:
मॉक्सीचं कौतुक मलाही आहे. पण एकूण सोळा खेपांत मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू निघाला. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे एका माणसाचा साडेतीन तासांचा श्वास. तत्त्व सिद्ध झालं हे खरंच, आता ते हजार पटींनी मोठं करून वर्षानुवर्षं न थांबता चालवायचं आहे.

बर्फाचं: तो खणायचा, वितळवायचा आणि मग त्यातलं परक्लोरेट नावाचं क्लोरीनचं मीठ काढायचं. मंगळाच्या मातीत अर्धा ते एक टक्का परक्लोरेट आहे, हेही फिनिक्सनेच दाखवलं. ते थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. आरओने निघतं, आयन एक्स्चेंजने निघतं, जिवाणूंकडूनही खाववता येतं. पण प्रत्येक वेळी एक रिजेक्ट, म्हणजे सगळी घाण साठलेला गाळसाळ, उरतो आणि तो कुठेतरी ठेवावा लागतो. आमच्याकडे 'झिरो लिक्विड डिस्चार्ज'ची, म्हणजे थेंबभरही सांडपाणी बाहेर न सोडण्याची, पाटी लावलेल्या कारखान्यामागेही मिठाच्या गोण्यांची थप्पी असतेच.

आणि वीज? सूर्यप्रकाश इथल्या ४३ टक्के. २०१८ च्या धुळीच्या वादळाने तिथली ऑपॉर्च्युनिटी ही गाडी गेली, २०२२ अखेर इनसाइट पॅनलवरच्या धुळीनेच संपलं. म्हणजे अणुभट्टी हवी.

ऑस्टिनकर:
हवीच. २०१८ मध्ये नेवाडात एक किलोवॉट दर्जाची छोटी अणुभट्टी चालवून बघितली आहे. मी अशक्य म्हणणाऱ्यांना वैतागलोय, अवघड म्हणणाऱ्यांना नाही.

निष्ठुर:
तारखा सांगणाऱ्यांना मी वैतागलोय. २०१७ मध्ये ॲडलेडच्या अंतराळ परिषदेत मस्कसाहेबांनी सांगितलं होतं, २०२२ ला सामान आणि २०२४ ला माणसं. त्याआधी मंगळावर माणसं नेऊ म्हणणारी एक 'मार्स वन' कंपनी होती, परत न येण्याच्या बोलीवर अर्ज मागवले, भारतातूनही लोकांनी भरले. २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं.

आणि ते 'पृथ्वीचं काही झालं तर दुसरं घर हवं' हे मला कधीच पटलेलं नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपवणारी उल्का पडली, त्या वर्षीसुद्धा पृथ्वीवर श्वास घेता येत होता आणि पाणी वाहत होतं. मंगळाच्या सगळ्यात चांगल्या दिवशी हवेचा दाब इथल्या एक टक्क्याहून कमी. सरासरी तापमान उणे साठच्या घरात.

कातळवेडी:
निष्ठुर, तुमचं आयडी शोभून दिसतंय :)

मी भूगर्भवाली, त्यामुळे मला मंगळ परका वाटत नाही. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, मंगळाचा पृष्ठभागही बहुतांश बेसॉल्टचा. बेसॉल्टमध्ये नीट जपलेलं आघाती विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, आणि ते बुलढाण्यात लोणारला आहे. उल्का आदळल्यावर बेसॉल्टचं काय होतं, त्यावर पाणी फिरलं की कोणती चिकणमाती होते, हे मंगळासाठी समजून घ्यायचं तर जगभरचे लोक लोणारचे दगड मागतात. कच्छमधल्या मातानोमढला जॅरोसाइट नावाचं खनिज सापडतं, तेही मंगळावरच्यासारखंच.

आता घरांचं. किरणांपासून वाचायला डोक्यावर दोनेक मीटर माती तरी हवी. काचेचे घुमट फक्त चित्रात. खरं घर पुरलेलं असणार किंवा लाव्हाच्या नळीत, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर मागे उरलेल्या बोगद्यात. आर्सिया मॉन्स ज्वालामुखीच्या उतारांवर अशा नळ्यांची छतं कोसळल्यासारखे काळे खड्डे दिसतात. विटांवर आपल्या बंगळुरूच्या आयआयएससी आणि इस्रोच्या लोकांनी मजेदार काम केलंय. मंगळासारखी माती, स्पोरोसार्सिना पाश्चुरी नावाचा जिवाणू, युरिया आणि गवारीचा डिंक. जिवाणू युरिया फोडून कॅल्शियम कार्बोनेट तयार करतो आणि माती सांधली जाते. भट्टी नको. युरिया कुठून येणार ते पाणक्यांना विचारायला नको.

पाणक्या:
मूत्रातला तोच युरिया मी पाण्यातून काढून टाकायला बसलोय, तुम्ही मागताय! ठरलं मग.

चंद्रकोर:
एक शंका, गांभीर्याने विचारतेय. संकष्टीचं काय करायचं? मंगळाला दोन चंद्र. त्यातला फोबोस साडेसात तासांत एक फेरी मारतो, म्हणजे मंगळ स्वतःभोवती फिरतो त्याहून जलद. त्यामुळे तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो, तेही साधारण अकरा तासांनी पुन्हा पुन्हा. चंद्रोदय बघून उपास सोडायचा तर रोजच दोनदा मोदक. वर्ष ६८७ दिवसांचं, त्यामुळे गणपती मात्र जवळजवळ दोन वर्षांनी येणार. माझ्या सासूबाईंना ही बाजू मंजूर नाही.

ऑस्टिनकर:
पण दिवस २४ तास ३९ मिनिटांचा आहे. रोज ३९ मिनिटं जास्त झोप. मी एवढ्यावरच जायला तयार आहे.

हिवाळकर:
बरेच दिवस फक्त वाचत होतो, या धाग्यावर राहवलं नाही. मी अंटार्क्टिकात भारताच्या मैत्री स्थानकावर एक हिवाळा काढला आहे, जनरेटर सांभाळायला होतो. जाण्याआधी दिल्लीत एम्सला तपासण्या आणि औलीला बर्फात राहायचं प्रशिक्षण. हिवाळ्यात मागे पंचवीसेक माणसं. जहाज उन्हाळ्यात येतं, ते गेलं की गेलं. जे आणायचं राहिलं त्याच्यावाचून वर्ष काढायचं.

आमच्यापासून चार-पाच किलोमीटरवर रशियनांचं नोवोलाझारेव्हस्काया. तिथे १९६१ च्या हिवाळ्यात एकच डॉक्टर होता, लिओनिद रोगोझोव्ह. त्यालाच अपेंडिक्स. वादळामुळे विमान येणं शक्य नाही. मग ३० एप्रिलला त्याने स्वतःच स्वतःचं ऑपरेशन केलं, जागेची भूल देऊन, हवामानवाल्याच्या आणि ड्रायव्हरच्या हातात आरसा आणि चिमटे देऊन. दोन आठवड्यांत माणूस कामावर. आमच्याकडे ही गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगतात आणि मग कोणीही पोट दुखतंय म्हणत नाही.

सांगायचं कारण असं की अंटार्क्टिका हा मंगळापुढे स्वर्ग आहे. हवा फुकट. मैत्रीजवळ प्रियदर्शिनी तळं आहे, त्याचं पाणी. आत बिघाड झाला तर जाडजूड कपडे चढवून बाहेर उभं तरी राहता येतं. आणि तरीही माणसं तिथे येऊन-जाऊन असतात, कोणी घर केलं नाही. महिनोन् महिने तीच तोंडं बघून कोणत्या माणसाचं चमचा आपटणं डोक्यात जाईल, सांगता येत नाही. माझ्या डोक्यात एकाचं शिट्टी वाजवणं जायचं. सज्जन माणूस होता.

वकिली चष्मा:
हिवाळकर, अफाट. एक भर घालतो. अंटार्क्टिकात कुटुंबं नेऊन ठेवायचा प्रयत्न झाला आहे. १९७८ च्या जानेवारीत अर्जेंटिनाच्या एस्पेरांझा तळावर एक मूल जन्माला आलं, एमिलिओ पाल्मा, त्या खंडावर जन्मलेला पहिला म्हणून नोंद असलेला. आईला सात महिन्यांची गरोदर असताना विमानाने तिकडे नेलं होतं. हौस म्हणून नव्हे, जमिनीवरचा दावा पक्का करायला.

मंगळावर हा मार्ग कागदोपत्री बंद आहे. १९६७ च्या बाह्य अंतराळ कराराचं दुसरं कलम सांगतं की कुठल्याही देशाला वस्ती करून किंवा ताबा घेऊन तिथे मालकी सांगता येणार नाही. भारतही त्यात आहे. सातबारा निघणार नाही, पण खणून काढलेला बर्फ कोणाचा, यावर तोच करार गप्प आहे. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारनाम्यांत, ज्यावर आपण जून २०२३ मध्ये सही केली, खनिज काढणं म्हणजे मालकी सांगणं नव्हे असं म्हटलंय. शिवाय खासगी कंपनीने जे केलं त्याला तिचा देश जबाबदार. मालक म्हणून हवा विकणारी कंपनी आणि भाडेकरू म्हणून श्वास घेणारी माणसं, हा खटला मला माझ्या हयातीत लढायला आवडेल.

शुक्रतारा:
सगळे मंगळालाच का चिकटलात? शुक्रावर खाली ४६५ अंश आणि नव्वदपट दाब आहे हे मान्य. पण पन्नास-पंचावन्न किलोमीटर उंचीवर दाब साधारण इथल्यासारखा, तापमान सोसण्याजोगं आणि गुरुत्व इथल्या ९० टक्के. सोव्हिएत वेगा मोहिमांचे दोन फुगे १९८५ मध्ये तिथे जवळजवळ दोन दिवस तरंगले. शिवाय कार्बन डायऑक्साइडपेक्षा आपली श्वासाची हवा हलकी, म्हणजे घर हाच फुगा.

कातळवेडी:
ढग सल्फ्युरिक ॲसिडचे, पायाखाली दगड नाही, धातू नाही. विटा कशाच्या करणार? कल्पना सुंदर आहे पण एक खिळा हवा असेल तरी पृथ्वीवरून.

डॉक्टरीणबाई:
शुक्रताऱ्यांच्या प्रतिसादातलं एकच वाक्य महत्त्वाचं आहे आणि ते सगळे ओलांडून गेले: गुरुत्व ९० टक्के. मंगळाचं ३८. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, एमिलिओ पाल्माच्या आईवर वकिलांनी एक ओळ लिहिली, मी तिथून पुढे लिहिते.

कमी गुरुत्वात माणसाचं काय होतं याची आपल्याकडे किती माहिती आहे? शून्य गुरुत्वाची भरपूर. रशियन अंतराळवीर पोल्याकोव्ह सलग ४३७ दिवस राहिला. महिन्याला एक ते दीड टक्का हाडं झिजतात, स्नायू जातात, डोळ्यांच्या मागच्या बाजूला सूज येते. एक पट गुरुत्वाची माहिती म्हणजे आपण सगळे. मधलं काय? चंद्रावर उतरलेले बारा पुरुष, प्रत्येकी फार तर तीन दिवस. बस. ३८ टक्के गुरुत्व पुरेसं आहे की जवळजवळ शून्यासारखंच, हे कोणालाही ठाऊक नाही.

हे मोजायची सोय होणार होती. अंतराळ स्थानकासाठी प्राण्यांना गरगर फिरवून हव्या त्या गुरुत्वात वाढवणारं मोठं सेंट्रिफ्यूज बांधायला घेतलं होतं. २००५ मध्ये पैशांअभावी ते रद्द झालं, त्याचा सांगाडा आता जपानमध्ये त्सुकुबाला बघायला ठेवलाय. जपान्यांनी मग छोट्या यंत्रात उंदीर ठेवून पाहिले. चंद्राएवढ्या गुरुत्वात स्नायूंचं आकारमान टिकलं, पण तंतूंचा प्रकार बदलायचा तो बदललाच. ही झाली पूर्ण वाढलेल्या उंदरांची गोष्ट. गर्भाचं म्हणाल तर १९७९ च्या सोव्हिएत कॉसमॉस मोहिमेत उंदीर जोडीने पाठवले, पिल्लं झाली नाहीत. १९८३ ला गाभण उंदरिणी काही दिवस वर नेऊन आणल्या, त्या पृथ्वीवर व्यायल्या. जपान्यांनीच उंदरांचं सुकवलेलं वीर्य स्थानकावर वर्षानुवर्षं ठेवून नंतर इथे निरोगी पिल्लं जन्माला घातली. गर्भधारणा ते जन्म असा पूर्ण प्रवास कुठल्याही सस्तन प्राण्याने अंतराळात केलेला नाही. उंदराने नाही आणि आपण गाव वसवायच्या गोष्टी करतोय.

आता किरणं. क्युरिऑसिटी या गाडीने मंगळाच्या जमिनीवर मोजलेली मात्रा दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट. वर्षाला अडीचशेच्या घरात. आपल्याकडे क्ष-किरण विभागात काम करणाऱ्याला वर्षाला सरासरी २० ची मर्यादा आहे. आणि गरोदर कर्मचारीच्या पोटातल्या गर्भाला गरोदरपणाच्या उरलेल्या संपूर्ण काळात १. मंगळावर उघड्यावर ते दीड दिवसात संपतं. म्हणजे बाईने नऊ महिने मातीखाली राहायचं, आणि मूल झालं की त्यानेही.

त्या मुलाची हाडं ३८ टक्क्यांत घडली तर ते पृथ्वीवर कधी उभं राहू शकेल का? मोठा माणूस सही करून जातो. त्या मुलाला कोणी विचारलं?

ऑस्टिनकर:
कुठल्याच मुलाला कुठे जन्मायचं हे विचारलं जात नाही, डॉक्टर. माझी मुलगी टेक्ससमध्ये जन्मली, तिलाही विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई:
ती सुट्टीत आजीकडे येऊ शकते. मुद्दा तोच आहे.

आणि रोगोझोव्हवरून: मंगळाशी बोलायला एका बाजूने तीन ते बावीस मिनिटं लागतात. प्रसूतीत रक्तस्राव सुरू झाला तर तुमचा प्रश्न इथे पोचून उत्तर येईपर्यंत पाऊण तास जाऊ शकतो. तितक्या वेळात बाई जाते. तिथे पूर्ण शस्त्रक्रिया विभाग, रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि त्यांच्यापैकी कोणी आजारी पडलं तर दुसरा, एवढं आधी हवं. शंभर माणसांच्या गावाला हे इथेसुद्धा मिळत नाही.

निष्ठुर:
इथे तर तालुक्याला मिळत नाही.

पाणक्या:
डॉक्टरीणबाई, माझ्या मनात होतं ते तुम्ही नेमकं मांडलंत. माझं मत आता असं: चंद्रावर आणि मंगळावर वीस-तीस माणसांचे तळ, मैत्रीसारखे, दोन-तीन वर्षांनी माणसं बदलणारे. याच्या मी पूर्ण बाजूने आहे, माझ्या कराचे पैसे खुशाल घ्या. वस्ती म्हणण्याआधी ते रद्द झालेलं सेंट्रिफ्यूज कोणीतरी वर न्यावं, त्यात उंदरांच्या तीन पिढ्या ३८ टक्क्यांत वाढवाव्यात आणि मग पुढचं बोलावं. रॉकेटच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. पण त्याचा व्हिडिओ चांगला दिसत नाही, म्हणून होत नाही.

ऑस्टिनकर:
सेंट्रिफ्यूजला माझा पूर्ण पाठिंबा. पण उंदरांचं उत्तर वाईट आलं तर? तेव्हाही मी सोडणार नाही. मंगळाच्या कक्षेत फिरतं घर बांधा, त्याला गरगर फिरवून पूर्ण गुरुत्व द्या, मुलं तिथे वाढतील, मोठी माणसं खाली कामाला जातील.

हिवाळकर:
म्हणजे कोकणातून मुंबईला जायचे तसे. बायका-मुलं वर, चाकरमानी खाली.

चंद्रकोर:
आणि गणपतीला वर. जवळजवळ दोन वर्षांनी.

पाणक्या:
कातळवेडी, विटांबद्दल एक राहिलंच. मंगळाच्या मातीत तो जिवाणू नीट वाढावा म्हणून त्यात निकेल क्लोराइड घालतात असं वाचलं. ते निकेल विटेत बांधलं जातं की धुऊन निघतं? आमच्या परवान्यात निकेलची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे, आणि ती पाणी नदीला सोडताना. तिथे तेच पाणी फिरून पिण्यात येणार.

कातळवेडी:
थोडं निकेल लागतंच, युरिया फोडणाऱ्या विकराच्या गाभ्यात तेच असतं. धुऊन निघण्याचं म्हणाल, तर बंद चक्रात थोडंसं निघालं तरी ते साठत जाणार, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. मी म्हणेन, त्या विटा बाहेरच्या भिंतीला वापरा, आतल्या बाजूला लायनर मारा. आणि स्वयंपाकघराला तर नकोच.